हाक देऊन ऐकणारे

इटलीतलं पाविया शहर. साल 1793. लाझारो स्पॅलन्झानी हा धर्मगुरू आणि निसर्ग-अभ्यासक चक्रावून गेला आहे. मेणबत्ती विझली की त्याच्याकडचं घुबड भिंतींवर आदळतं, वटवाघूळ मात्र त्याच काळोखात खुशाल फिरतं. त्यानं वटवाघळांचे डोळे निकामी करून पाहिले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पण वटवाघळांचं काहीच अडलं नाही.

पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या लुई ज्युरीननं डोळ्यांऐवजी कान बुजवले, आणि वटवाघळं धडकू लागली. मग स्पॅलन्झानीनं त्यांच्या कानांत पितळेच्या बारीक नळ्या बसवल्या. नळ्या उघड्या असल्या की उड्डाण बिनचूक. बुजवल्या की सगळा गोंधळ.

पुरावा इतका स्वच्छ होता. पण वटवाघूळ तर आवाजच करत नाही, मग ते ऐकतं तरी काय? याला उत्तर नव्हतं. तेव्हा जॉर्ज क्यूव्हिएसारख्या बड्या शास्त्रज्ञानं सांगून टाकलं, की ते स्पर्शानं वाट काढत असणार. त्याचा दबदबा एवढा, की पुढची शंभरहून अधिक वर्षं बहुतेकांनी तेच धरून ठेवलं.

आवाज होता. आपल्यालाच ऐकू येत नव्हता.

1938 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातला डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी वटवाघळं घेऊन प्राध्यापक पिअर्स यांच्या प्रयोगशाळेत पोचला. माणसाच्या कानापलीकडचे, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी टिपणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. यंत्र सुरू झालं, आणि गप्प वाटणारे हे प्राणी अखंड ओरडत असल्याचं उघड झालं.

आपला कान जास्तीत जास्त 20,000 हर्ट्झपर्यंत पोचतो. वटवाघळांच्या बहुतेक हाका त्याच्या वर, काहींच्या तर एक लाखाच्याही पुढे. इतका उंच स्वर लागतो, कारण लाटेच्या मानाने वस्तू फार लहान असली, तर लाट तिला वळसा घालून निघून जाते आणि प्रतिध्वनी जेमतेम उरतो. 50,000 हर्ट्झला लाटेची लांबी होते सुमारे सात मिलिमीटर. किड्याच्या मापाची! पण असा आवाज हवेत लवकर विरतो. त्यामुळे छोटा किडा कळतो तो काही मीटरांवर आल्यावरच.

आता एक शिकार सावकाश ऐकू.

(ध्वनी: वटवाघळाच्या हाका, मंद करून, ऐकू येईल अशा स्वरात)

टक… टक… टक… हा शोध. सेकंदाला दहाएक हाका. समोर एक मीटरवर पतंग आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे प्रतिध्वनी सहा मिलिसेकंदांत परत. अंतर कमी होतंय, तशा हाका तोकड्या आणि घाईच्या होतायत. आणि ही शेवटची झर्रर्र! इथे काही जाती सेकंदाला दीडशेहून जास्त हाका देतात.

लोक या ओरडण्याचं कौतुक करतात. माझ्या मते खरी करामत कानाची आहे. स्वतःची हाक प्रचंड मोठी आणि परत येणारा प्रतिध्वनी अगदी क्षीण. आपल्याच आवाजानं कान बधिर व्हायला हवा. पण हाक निघण्याच्या जरासं आधी मध्यकर्णातला इवलासा स्नायू आवळतो, आणि हाक संपताच सैल पडतो.

नाकावर घोड्याच्या नालासारखी घडी असलेली वटवाघळं तर याहून पुढची. उडताना समोरून येणारा प्रतिध्वनी मूळ हाकेपेक्षा चढा होतो. तेवढी हाकच ती उतरवतात, म्हणजे प्रतिध्वनी नेमका त्यांच्या कानाला सर्वांत तीक्ष्ण ऐकू येणाऱ्या अरुंद पट्ट्यात पडतो. पंख फडफडणाऱ्या पतंगामुळे त्यात हेलकावे येतात. स्थिर पानाला हे हेलकावे नसतात, म्हणून दाट झाडीतही पतंग लपत नाही.

पतंगही मुकाट्यानं मरत नाहीत. अनेकांच्या एकेका कानात ध्वनी टिपणाऱ्या चेतापेशी असतात फक्त दोन, पण पंख मिटून खाली पडायला तेवढ्या पुरतात. बर्थोल्डिया ट्रायगोना हा पतंग तर उलट टकटकीचा मारा करून वटवाघळाचं अंतराचं गणितच बिघडवतो.

काही पक्षीही गुहांमध्ये हेच तंत्र वापरतात, पण त्यांच्या टिकटिकी आपल्याला सहज ऐकू येतात आणि काम बेताचंच आहे. समुद्राकडे वळू.

पाण्यात ध्वनी सेकंदाला दीड किलोमीटर धावतो. डॉल्फिन डोक्यावरच्या श्वासछिद्राखाली, नाकाच्या मार्गात टिकटिक निर्माण करतो. कपाळातला चरबीचा गोळा तिचा झोत बनवतो. आणि ऐकण्याचं काम मुख्यतः खालच्या जबड्याचं: त्यातल्या चरबीतून ध्वनी आतल्या कानापर्यंत जातो. माशाचं मांस ध्वनीला जवळपास पाण्यासारखंच, त्यामुळे बराचसा आवाज आरपार जातो. उघडं पाडतो तो माशाच्या पोटातला हवेनं भरलेला वाताशय.

स्पर्म व्हेल उजेड न पोचणाऱ्या खोलीत माकुळांमागे जातो, आणि माकुळाला वाताशय नसतोच. इथे हाक जबरदस्त लागते, आणि स्पर्म व्हेलची टिकटिक हा प्राण्यांच्या सर्वांत मोठ्या आवाजांपैकी एक आहे. भक्ष्य जवळ आलं की त्याच्याही टिकटिकी एकमेकींना चिकटतात आणि सलग करकर ऐकू येते. वटवाघळाशी दूरचंच नातं असलेल्या या अजस्र प्राण्यानं शेवटच्या झडपेसाठी तीच रीत स्वतंत्रपणे गाठली आहे.