मावशीच्या कपाटातला मासा

(दृश्य: बांदोड्यातलं जुनं घर. वसरीवरून आत येणारं सकाळचं ऊन. काचेचं कपाट.)

मावशीच्या घरात शिरलं की उजव्या हाताला हे कपाट. लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची बंदी होती. "पोर्तुगालची काच ती," मावशी सांगायची. काका म्हणायचे, बेल्जियमची. गोव्यात जुन्या काचेला हीच दोन नावं ठाऊक. मंगेशीच्या सभामंडपातली एकोणिसाव्या शतकातली झुंबरं असोत की कुणाच्या घरचा आरसा, लकाकलं की ते बेल्जियमचं.

आज मावशीनं स्वतःच किल्ली दिली आहे, आतली काच खरी कुठली ते बघायला. कपाटात काचेच्या तीन वस्तू. एकीवरही नाव नाही, शिक्का नाही.

नाव नाही म्हणून वस्तू हलकी ठरत नाही. अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव घालायला लावलं. दुसरीकडे जाणाऱ्या मालावर ती सक्ती नव्हती. कित्येक कारखाने तर आपलं नाव कागदाच्या चिठ्ठीवरच छापत. भांडं चार वेळा धुतलं की चिठ्ठी गेली.

(दृश्य: नारिंगी, इंद्रधनुषी झाक असलेली फुलदाणी. तिला वेटोळं घातलेला मासा.)

ही मावशीची सर्वांत लाडकी, "पोर्तुगालची". आधी आत बोट घालून बघायचं. बाहेर माशाचं अंग जिथे उठून आलंय, तिथे आत खळगा लागतो. म्हणजे ही काच साच्यात फुंकून फुगवलेली आहे. दाबून घडवलेली असती तर आतली बाजू गुळगुळीत लागली असती. दोन्ही अंगांना साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसते. वरची झाक रंगाची नाही. काच गरम असतानाच धातूच्या क्षारांचा फवारा मारला की ती उमटते. अमेरिकेत फेंटन कारखान्यानं १९०७-०८ च्या सुमारास अशी काच बाजारात आणली. पुढे तिला कार्निव्हल काच असं नाव पडलं.

पण हा मासा अमेरिकेचाही नाही. वेटोळं घातलेल्या माशाच्या आणि हत्तीच्या अशा फुलदाण्या आपल्या फिरोझाबादेत जैन ग्लास वर्क्सनं काढल्या. त्यांतल्या काहींच्या बुडाशी 'जैन' अशी इंग्रजी अक्षरं असतात. हिच्या बुडाशी नाहीत, म्हणून मी 'बहुधा जैन' एवढंच म्हणेन. बांगड्यांच्या गावची ही फुलदाणी माझ्या लेखी पोर्तुगालच्या काचेहून तसूभर कमी नाही. मावशी मात्र थोडा वेळ गप्पच राहिली.

(दृश्य: खोली अंधारी. जांभळ्या उजेडाची टॉर्च.)

दुसरी वस्तू, पिवळट हिरवा वाडगा. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसली टॉर्च त्याच्यावर धरली आणि वाडगा भर अंधारात हिरवागार पेटला. काचेत युरेनियम आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, रीडेल घराण्यानं १८३० च्या दशकात अशी काच नावारूपाला आणली, मग ती इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतही झाली. त्यामुळे हा उजेड काचेत काय घातलंय ते सांगतो, कुणी घातलं ते सांगत नाही. त्यातही मँगनीज असलेली काच फिकट हिरवी दिसते, तिला फसू नये.

आता वाडगा उलटा. बुडाच्या मध्यावर बेंबीसारखी खूण आहे. फुंकलेलं भांडं लोखंडी सळईवर तोलून कारागीर त्याचं तोंड घडवतो. मग सळई तोडली की हा व्रण राहतो, त्याला पाँटिल म्हणतात. इथे तो घासून, चकाकी देऊन साफ केलाय, म्हणजे कुणीतरी यावर जास्तीची मेहनत घेतली आहे. बुडाच्या कडेला चरे आहेत, आडवेतिडवे, आणि जिथे भांडं फळीला टेकतं तिथेच. वर्षानुवर्षं सरकवल्याचे चरे असेच दिसतात. सँडपेपरनं घासून जुनं भासवलेलं असेल तर चरे एका दिशेनं जातात.

(दृश्य: निळ्या काचेच्या पोटात हिरवी काच. जड राखदाणी.)

तिसरी वस्तू तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या, मावसभावानं आणलेली. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचा थर चढवायच्या या कलेला मुरानोत 'सोमर्सो' म्हणतात. व्हेनिसनं १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या ज्या बेटावर हलवल्या, तेच हे मुरानो. पण अशी काच चीनमध्येही होते. वस्तू जवळून बघूनही मला निवाडा करता आला नाही. मावशीला विचारलं, बोट कुठल्या बंदराला लागायची?

"इटलीतलं जेनोवा," मावशी ताडकन म्हणाली. "पावती ट्रंकेत असेल बघ."

(दृश्य: ट्रंक. फणेरपेटी, जुनी पत्रं, झुंबराचा एक सुटा लोलक.)

पावती मिळाली नाही. लोलक मिळाला. सोनाराच्या काट्यावर तो ६० ग्रॅम भरला, पाण्यात बुडवून ४०. घटले २०, म्हणजे लोलकाएवढ्या पाण्याचं वजन. ६० ला २० नं भागलं की घनता ३. साधी काच २.५ च्या आसपास असते, तेव्हा यात बहुधा शिसं आहे.

(दृश्य: मावशी वहीचं पान फाडते आहे.)

मावशी लिहिते आहे, तारीख घालून. 'माशाची. फिरोझाबाद, बहुधा जैन. घरात आली माझ्या लग्नात.' कागदाची घडी तिनं माशाच्या पोटात टाकली. दुसरं पान पुढे ओढलं आणि विचारलं, "वाडग्याला काय लिहू?"