गंज कुणाच्या शिरस्त्राणाला चढतो?

(सांगलीत हौशी नाट्यकर्मींपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, टेबलावर दोन शिरस्त्राणं ठेवलीत. दोन्ही फायबरची, एकाच साच्यातून काढलेली. हातात घ्या, मागच्या रांगेपर्यंत फिरवा. पहिलं बघितल्याबरोबर तुम्ही म्हणाल, काय जुनं दिसतंय! नारिंगी गंज, हिरवे डाग, काळे ओघळ, हौसेनं सगळं केलंय. दुसरं त्या मानानं साधं. काळपट पोलाद, कडेला चकाकी, कपाळावर एक वार. माझं म्हणणं असं, की नाटकातल्या सरदाराच्या डोक्यावर हे दुसरं जायला हवं. पहिलं फार तर मातीतून उकरून काढलं म्हणून दाखवता येईल.

का ते सांगतो. जुनी हत्यारं आपण बघतो ती संग्रहालयात. वाघनखं आल्यावर २०२४ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात किती गर्दी झाली, तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यातले बरेच जण गेले असतील. काचेमागच्या लोखंडावर आपल्याला शेकडो वर्षांचा काळ दिसतो. पण नाटकातला माणूस तेच शिरस्त्राण घालतो तेव्हा त्याला घडवून चार-दोन वर्षंच झालेली असतात. त्याचा जीव त्याच्यावर आहे. तो ते पुसणार, तेल लावणार, मोहिमेवरून आला की घासून ठेवणार. त्याला नारिंगी गंज चढेलच कशाला? टाकून दिलेल्या लोखंडाचं जुनेपण निराळं, वापरातल्या लोखंडाचं निराळं. आपल्याकडची निम्मी शिरस्त्राणं फसतात ती इथं. रंग चांगला असतो, पण हाताळलेल्या वस्तूला पडून राहिलेल्या वस्तूचा रंग दिलेला असतो.

दोन्ही प्रकार बघायला कुठं लांब जायला नको. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर दुकानांची शटरं कशी झाली होती आठवा. पाणी जिथवर चढलं तिथवर रेघ, खाली पट्टीच्या प्रत्येक वळणात गंज, खिळ्याखिळ्यातून ओघळ. ते पडून राहिलेलं लोखंड. आता ऊसतोडीचा कोयता बघा. धार पांढरी लखलखीत. पाठ काळी-तपकिरी. मुठीजवळ पात्याला हात घासून घासून गुळगुळीत, तेलकट काळेपणा आलेला. गंज असलाच तर मुठीत पातं बसवलंय त्या फटीत, जिथं घाम आणि रस जातो पण फडकं पोचत नाही. शिरस्त्राण रंगवायला बसताना असा एक कोयता समोर ठेवा. इंटरनेटवरच्या फोटोंपेक्षा जास्त शिकवेल.

आता शिरस्त्राणावर हे कुठं कुठं येणार? आपल्याकडच्या पोलादी शिरस्त्राणाची घडण बघा. वाटीसारखी टोपी, वर टोक, पुढं वरखाली सरकणारी नाकपट्टी, तुरा खोवायच्या नळ्या, मागं मानेवर कड्यांची जाळी. नाकपट्टी सतत सरकते, म्हणून ती चकचकीत आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे ओरखडे. शिरस्त्राण काढताना हात जातो तो कडेला, म्हणून कड झिजलेली. आत अस्तर, त्यात घाम. घामातल्या मिठानं गंज लवकर धरतो, म्हणून गंज हवा तो आतल्या काठाला, अस्तराच्या रेघेवर आणि खिळ्यांच्या बुडाशी. माथ्यावर नको. हिरवा डाग पोलादावर कधीच नको. हिरवं चढतं ते तांब्या-पितळेवर. खिळे पितळी दाखवले असतील तर त्यांच्याभोवती नखाएवढं हिरवं चालेल.

सोन्याचं काम दाखवायचं असेल तर आणखी एक. कोफ्तगिरीत पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. झिजल्यावर सोनं जातं आणि खालच्या त्या रेघा उघड्या पडतात. म्हणून सोनेरी रंगाचे पोपडे काढून खालचा पांढरा प्रायमर दाखवू नका. सोनेरी नक्षी काळ्यावर काढा, उंच भागावरची हलक्या हातानं पुसा आणि तिथं सुईनं बारीक जाळी ओढा. सहाव्या रांगेतून दिसणार नाही, हे मान्य. पण नटाला दिसतं, आणि तो त्या वस्तूला धरतो कसा यात फरक पडतो, असं माझं मत आहे.

आता कामाला लागू. साच्यातून निघालेल्या फायबरला मेण लागलेलं असतं, ते साबणाच्या पाण्यानं धुतल्याशिवाय काहीही धरत नाही. मग भोकं, फुगे लांबीनं (म्हणजे पुट्टीनं) भरा. पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग २२०, शेवटी ४०० पाण्यात भिजवून. वार, पोचे जे काय ते याच टप्प्याला. तलवारीचा घाव म्हणजे नुसती खाच नव्हे. पोलाद कापलं जातं तेव्हा दोन्ही बाजूंना किंचित ओठ उचलला जातो. कानसीनं खाच पाडा आणि एम-सीलची दोऱ्याएवढी वळी दोन्हीकडं दाबून घासून घ्या. रंगानं काढलेला घाव बाजूनं प्रकाश आला की लगेच उघडा पडतो.

मग राखाडी प्रायमर, त्यावर काळा. चंदेरी स्प्रे मारून मोकळं होऊ नका, तो पत्र्याच्या ट्रंकेसारखा दिसतो. त्याऐवजी काळा पूर्ण वाळला की शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटची पूड बोटानं चोळा. कुलपात घालायला म्हणून मिळते तीच. चोळाल तसं पोलाद वर येतं, निळसर, गडद, वजनदार. जिथं हात लागतो तिथं जास्त चोळा, खोबणीत काळं राहू द्या. वर वॉर्निश मारलं की चमक थोडी मरते, हे धरून चाला. कडा शेवटी परत चोळायच्याच आहेत.

वॉर्निश वाळल्यावर मळाचा हात. बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी आणि काळा हे ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून सगळीकडं लावा, दहा-पंधरा मिनिटांनी फडक्यानं पुसा. फडकं नेहमी वरून खाली, कारण पाऊस आणि घामही तसाच उतरतो. खोबणीत उरेल तो मळ.

आता गंज, आणि इथं आपल्याकडं एक सोय आहे. महागड्या बाटलीतला गंजाचा रंग मागवायची गरज नाही. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइडच, आणि पिवडीचा पिवळा रंग पाणी धरलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा. लोखंडावरचा गंजही त्याच घराण्यातला. दोन्ही वाण्याकडं किंवा रंगाच्या दुकानात मिळतात. गेरूत थोडी काजळी कालवली की जुना, बसलेला गंज. गेरूत पिवडी टाकली की कालपरवाचा. आधी गडद, त्याच्या आत चिमूटभर फिकट. पाण्यात पांढरा फेविकॉल घालून त्यात कालवा आणि स्पंजाच्या तुकड्यानं टेकवा, ब्रशनं ओढू नका. गंज ओढलेला नसतो, फुललेला असतो. एकानं मला विचारलं होतं, सांगलीत राहतो तर पिवडीऐवजी हळद का नको? हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन प्रयोग मांडवात झाले की गंज नाहीसा!

धुळीसाठी मुलतानी माती. सिनेमावाले कपड्यांवरही तीच मारतात.

उजेडाचं बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा विजेचा दिवा नव्हता. ज्योतीच्या हलत्या, पिवळ्या उजेडात जे चमकतं तेवढंच लांबून दिसतं. आपले जुने मुकुट भडक आणि चकचकीत का, याचं निम्मं उत्तर त्यात असावं. आता एलईडीच्या पांढऱ्या उजेडात ग्राफाइट निळं पडतं आणि माणूस आजारी दिसतो. मळाच्या हातात तपकिरी थोडा वाढवा. आणि रंगीत तालमीला शिरस्त्राण तयार ठेवा, नुसता नट नको. घरच्या ट्यूबलाइटखाली ठरवलेला रंग रंगमंचावर तसाच दिसेल याची खात्री कुणी देऊ नये.

पावसाळ्यात लॅकर, म्हणजे थिनरमध्ये पातळ करायचं झटपट वाळणारं वॉर्निश, मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पांढरट साय येते. जून ते सप्टेंबर पाण्यात मिसळणारे रंग वापरा, नाहीतर कोरडी दुपार बघा. ऑइल पेंटवर लॅकर तर कधीच नाही, सुरकुत्या पडतात. फायबर घासताना आणि स्प्रे मारताना मास्क हवाच. धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्याला कोळशाच्या डब्या असलेला लागतो. नाट्यवेड्यांना हे सांगितलं की हसतात, म्हणून परत सांगतो. दार उघडं ठेवा आणि पोरांना लांब ठेवा.

प्रश्न आलाय, फायबर परवडत नाही, शाळेच्या गॅदरिंगसाठी थर्मोकोल चालेल का? चालेल, पण त्यावर थेट स्प्रे मारला तर थर्मोकोल विरघळून खड्डे पडतील. आधी वर्तमानपत्राचे तुकडे फेविकॉलनं तीन थर चिकटवा, वाळू द्या, मग पुढचं सगळं हेच. थ्रीडी प्रिंटवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. पीएलए, म्हणजे प्रिंटचं ते नेहमीचं प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात शिरस्त्राण बंद गाडीत ठेवून मिरजेला प्रयोगाला निघालात, तर उतरताना नाकपट्टी वाकलेली मिळेल.

दुसरा प्रश्न, प्रयोगागणिक रंग झिजतो त्याचं काय करायचं? कड झिजून खाली काळं दिसलं तर काही करू नका, ग्राफाइट चोळा. पांढरं फायबर दिसलं तरच काळा ठिपका लावा. आणि शिरस्त्राणाच्या आतली पट्टी दर प्रयोगानंतर काढून धुवा, कारण नट बदलतात.