होड्या किनाऱ्यावर, फी दारात

(दृश्य : जून महिना. पुळणीवर ओढून ठेवलेल्या, प्लास्टिकनं झाकलेल्या होड्या. पाऊस.)

१ जून ते ३१ जुलै. या ६१ दिवसांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ, आणि दर्याही खवळलेला. होड्या वर ओढलेल्या, इंजिनं उतरवलेली, फाटकी जाळी पडवीत सांधायला घेतलेली. आंब्याचा हंगामही उरकलेला. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या घरात वर्षभरात सगळ्यात कमी पैसा असतो, तो याच दोन महिन्यांत.

आणि कॉलेजचे प्रवेश सुरू होतात, तेही याच दोन महिन्यांत.

(दृश्य : खाडीकाठचं घर. पडवी.)

रत्नागिरी तालुक्यातलं हे घर. मुलीनं सांगितलं, माझं नाव नको, म्हणून आम्ही घेत नाही. सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली, कॅप राऊंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, इंजिनिअरिंगची जागा लागली, पण दुसऱ्या जिल्ह्यात. बाबा दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी. हंगामाचा हिशेब मे अखेर मिटला, नव्या हंगामाची उचल अजून हातात यायची आहे. ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे, ते ठाऊक होतं. कॉलेज महाग आहे, तेही ठाऊक होतं. पण पैसे नेमके जुलैत लागतील, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. त्या दिवशी गावोगाव पेढे वाटले जातात. त्यानंतरच्या आठवड्यात या पडव्यांमधून काय बोलणं चालतं, ते कुठे छापून येत नाही. त्यासाठीच ही फिल्म.

आधी चांगली गोष्ट. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला : ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी शिक्षण शुल्काची निम्मीच सवलत होती. एक अट मात्र नीट ऐका. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली, की ही सवलत हातची गेली. घाईघाईनं डोनेशन भरून मोकळी झालेली घरं आम्ही पाहिली आहेत. आणखी एक फेरी थांबले असते तर... असं त्यांच्या तोंडून ऐकताना पोटात तुटतं.

या मुलीची ट्यूशन फी माफ झाली. मग अडलं कुठे? वसतिगृह, मेस, अनामत रक्कम, पुस्तकं, लॅपटॉप. हे सगळं माफीच्या बाहेर. यासाठीही योजना आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्यांना केंद्राची शिष्यवृत्तीही आहे, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२ हजार. पण अर्ज, छाननी, मंजुरी होऊन पैसा खात्यात पडेपर्यंत अनेकदा वर्ष सरत आलेलं असतं. मेसचा मालक तेवढा थांबत नाही.

(दृश्य : जिल्हा परिषदेची शाळा. कपाटातली जुनी नोंदवही.)

आता कागद. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रीमी लेयर, आधारशी जोडलेलं बँक खातं. आणि सगळ्यात जड काम, जात पडताळणी. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे आजोबा नाहीतर पणजोबा शाळेत गेले असतील, तर त्यांची नोंद शोधायची. मुख्याध्यापकांनी आमच्यासमोर ती वही उघडली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पानं हात लावताच तुटतील अशी. निळी शाई फिकी पडून करडी झालेली. बोट एकेका ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. मुलीच्या आजोबांचं नाव, जन्मतारीख, जात, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण : 'गैरहजर'. चौथीतच नौकेवर गेले होते ते. त्या एका ओळीच्या उताऱ्यावर नातीच्या पडताळणीचं प्रकरण उभं राहिलं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत होती.

हे कागद जूनमध्ये गोळा करायला गेलात तर सेतू केंद्रापासून तहसीलपर्यंत सगळीकडे रांग. बारावीचं वर्ष सुरू झालं की पडताळणीचा अर्ज टाका, आणि एप्रिल उजाडला की उत्पन्नाच्या दाखल्याला लागा. खलाशाला पगाराची चिठ्ठी नसते, तलाठ्याच्या चौकशीवरच सगळं, म्हणून वेळ जास्त लागतो.

(दृश्य : बँकेबाहेरचा बाक. बाप आणि लेक.)

उरलेल्या खर्चासाठी शैक्षणिक कर्ज. पहिल्या शाखेत उत्तर मिळालं, "तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही." दोघं तशीच परत फिरली. खरं तर हद्दीचं कारण सांगून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बँकांना बजावलं आहे. हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी त्याच पायरीवरून शिक्षण सोडलं असेल, या विचारानं मला फार त्रास होतो. दुसऱ्या शाखेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि काम झालं.

बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि पदरचा हिस्साही घालावा लागत नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं त्यात धरता येतं. हप्ता सुरू होतो शिक्षण संपल्यावर एका वर्षानं.

समजा, दर वर्षाला १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले, आणि व्याज सरळ १० टक्क्यांनी धरलं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, मग ३०, मग २०. हप्ता सुरू होईपर्यंत कर्ज झालं ५ लाख ४० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ७ हजार १०० रुपये. आता दुसरी बाजू. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, आणि नॅक किंवा एनबीएचं गुणवत्ता मानांकन असलेल्या संस्थेत व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज केंद्र सरकार भरतं. मग फेड ४ लाखांचीच, हप्ता सुमारे ५ हजार ३००. हे आपोआप होत नाही. उत्पन्नाचा दाखला बँकेत देऊन मागावं लागतं. त्या एका कागदाची किंमत १ लाख ४० हजार रुपये आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजनाही मंजूर झाली. निवडक नामांकित संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते आधी बघून घ्या.

कर्ज काढून शिकायचं म्हटलं की इथली माणसं बिचकतात. इंजिनासाठी काढतील, घराच्या स्लॅबसाठी काढतील, शिक्षणासाठी नको म्हणतात.

(दृश्य : मंडणगड तालुका. आंबडवे गावाकडे जाणारा रस्ता.)

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हे मूळ गाव. एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए. करताना त्यांना सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती. १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तेव्हा महिना साडेअकरा पौंड, आणि बदल्यात बडोदा संस्थानात नोकरीचा करार. १९२० मध्ये अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी पुन्हा लंडन गाठलं, ते प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं ५ हजारांचं कर्ज, असं तिन्ही जोडून. रस्त्यावरून जाताना मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनीसुद्धा उसने घेतले होते?"

(दृश्य : नारळी पौर्णिमा. बंदरावर गर्दी.)

कर्जाचा पहिला हप्ता थेट वसतिगृहाच्या खात्यात जमा झाला. आईनं डबा भरला : कुळथाचं पीठ, सोडे, आमसुलं. बाबांनी नौकेचे कागद ठेवायची जाड प्लास्टिकची पिशवी काढली, आतले कागद रिकामे केले आणि ती पिशवी तिच्या हातात दिली. पडताळणीचं प्रमाणपत्र, कर्जमंजुरीचं पत्र, आजोबांच्या नोंदीचा उतारा, सगळं तिच्यात गेलं. वरच्या कागदावर तिनं पेनानं लिहून ठेवलंय : "एप्रिल – उत्पन्नाचा दाखला, नवीन."