सुरुंग की अणुबॉम्ब?

(दृश्य: बेळगावबाहेरची दगडाची क्वारी. लाल निशाण, शिट्टी.)

"ए, गाडी तिकडंच थांबीव! सुरुंग हाय!"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या अडवल्यात. काळ्या दगडात ओळीनं भोकं पाडलीत, त्यांत जिलेटीनच्या कांड्या घालून वरून माती ठासलीय. आणि मग धप्प! पायाखालची जमीन हलते, धुरळ्याचा लोट उठतो, जवळच्या वस्तीत खिडक्यांची तावदानं थरथरतात.

कानाला हा एकच आवाज वाटला. पण ही भोकं एकदम उडत नाहीत. एकामागून एक, काही मिलिसेकंदांच्या अंतरानं उडतात. दगड नीट फुटावा आणि आजूबाजूला हादरा कमी बसावा म्हणून तसं करतात. हे अंतर ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

(दृश्य: बैरुत बंदर, धुराचा लोट, मग पांढरा घुमट.)

४ ऑगस्ट २०२०. लेबनॉनमधल्या बैरुत बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं. मोबाइलवर व्हिडिओ फिरले आणि जगभर एकच हाकाटी उठली, हा अणुबॉम्बच. कारण काय, तर तो पांढरा घुमट.

तो घुमट म्हणजे धुकं होतं. धक्कालहर पुढं सरकली की तिच्यामागं हवेचा दाब झटकन उतरतो, हवा गार पडते आणि समुद्रकाठच्या दमट हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होऊन पांढरं दिसतं. दोन-तीन सेकंदांत विरूनही जातं. आणि ती सगळ्यांच्या डोक्यात बसलेली धुराची छत्री? तापलेल्या वायूचा मोठा गोळा वर चढू लागला की छत्री उमटतेच, मग खाली काय का फुटलेलं असेना.

आवाजावर आणि नुकसानीवर तर मुळीच जाऊ नका. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उडालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, शिवाय कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं गेली. तेव्हा जगातला पहिला अणुबॉम्ब फुटायला वर्षाहून जास्त अवकाश होता.

मग अणुस्फोट ओळखायचा कशावरून?

पहिली खूण उजेडाची. साध्या स्फोटकाचं तापमान काही हजार अंशांपर्यंत जातं आणि एकदाच लखलखाट होतो. अणुस्फोटात सगळी ऊर्जा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत मोकळी होते आणि तापमान कोट्यवधी अंशांवर जातं. भोवतालची हवा पेटल्यासारखी उजळते. पण लगेच धक्कालहरीनं दाबलेली हवा इतकी तापते, की ती अपारदर्शक होऊन आतला अग्निगोल झाकून टाकते. उजेड मंदावतो. लहर पसरून निवली की पडदा हटतो आणि आतला गोळा पुन्हा तळपू लागतो. म्हणजे लखलखाट दोनदा. पहिला इतका क्षणिक, की आपल्या डोळ्याला दोन वेगळे कळणारच नाहीत. उपग्रहावरच्या उपकरणाला मात्र कळतात.

पण स्फोट जमिनीखाली केला तर उजेडच नाही. मग जमिनीला विचारायचं.

(दृश्य: भूकंपलेखकाची रेघ.)

आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूरमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राची भूकंपमापकांची रांग १९६५ पासून आहे. दूरदेशीचे भूमिगत अणुस्फोट टिपणं हे तिचं एक काम. बेळगावात बसून दक्षिणेकडं आपण नोकरीसाठी बघतो, कोर्टाच्या तारखांसाठी बघतो. हे ठिकाण कुणाच्या बोलण्यात येत नाही.

भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला तेच झालं आणि बेळगावापर्यंत घरं हलली. अशा घसरणीतून आडव्या हेलकाव्याच्या लहरी जोरात निघतात. स्फोट मात्र खडकाला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, त्यामुळं आधी पोचणारी दाबाची लहर ठसठशीत आणि मागची हेलकाव्याची लहर त्या मानानं दुबळी. माणसाच्या पायाला हा फरक कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये शिवमोग्ग्याजवळ हुणसोडूला क्वारीसाठी आणलेलं जिलेटीन रात्री उडालं, तेव्हा लोक भूकंप समजूनच घराबाहेर धावले होते.

आता ते मिलिसेकंदांचं अंतर. क्वारीतला ओळीनं उडणारा सुरुंग भूकंपलेखावर आपली लय सोडून जातो, त्यावरून तो ओळखू येतो. पण कुणी सगळा माल एकाच ठिकाणी, एकाच क्षणी उडवला तर? अमेरिकेनं १९९३ च्या सप्टेंबरात नेवाडात हेच करून पाहिलं. जमिनीखाली साधंच स्फोटक, पण सुमारे एक किलोटन, म्हणजे हजार टनांच्या ताकदीचं, एकदम. दूरवर जे हेलकावे नोंदले गेले ते अणुस्फोटासारखेच. नुसत्या जमिनीच्या साक्षीवर निकाल देता येईना.

म्हणून वास घ्यावा लागतो. म्हणजे वायू. युरेनियम किंवा प्लुटोनियम फुटलं की किरणोत्सारी झेनॉन तयार होतो. तो कशाशीच संयोग करत नाही, म्हणून खडकातल्या भेगांतून वर झिरपतो. सुरुंगातून तो निघणं शक्यच नाही. उत्तर कोरियानं ऑक्टोबर २००६ मध्ये चाचणी केली आणि दोनेक आठवड्यांनी त्याचा मागमूस कॅनडातल्या यलोनाइफच्या हवा तपासणाऱ्या केंद्रात लागला. फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीचा झेनॉन जपानमधल्या ताकासाकीत पोचायला पन्नासहून अधिक दिवस लागले.

वायू वर यायला किती वेळ लागतो हे बघायला नेवाडाच्या त्या स्फोटातही मुद्दाम दोन वायू ठेवले होते. त्यातला जड वायू पन्नासाव्या दिवशी वर आला आणि हलका हेलियम ३७५ व्या दिवशी! हलका वायू बारीक छिद्रांत शिरून भरकटतो, जड वायू भेगेची वाट धरतो. शिवाय हवेचा दाब उतरला की भेगांतला वायू वर ओढला जातो, म्हणजे तपासणीला निघताना वेधशाळेचा अंदाजही बघायला हवा.

सगळ्या खुणा नेहमी एकत्र सापडतात असं नाही. २२ सप्टेंबर १९७९ ला अणुस्फोटांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या व्हेला उपग्रहानं दक्षिण गोलार्धातल्या समुद्रावर दुहेरी लखलखाट टिपला. हवेत किरणोत्सारी अवशेषांचा ठाम पुरावा मिळाला नाही. सरकारनं नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीनं, हा बहुधा अणुस्फोट नसावा, असं मत दिलं. अनेकांना ते पटलं नाही. पुढं २०१८ मध्ये एका शोधनिबंधानं जुनी नोंद पुन्हा वर काढली: त्या सुमाराला ऑस्ट्रेलियात कापलेल्या मेंढ्यांच्या थायरॉइड ग्रंथींत, अणुस्फोटातून निघतं तसलं, किरणोत्सारी आयोडीन सापडलं होतं.