मिस्त्री, दार लागत नाही

[नागपूरच्या महाल भागातली गल्ली. ऑगस्टचा पाऊस नुकताच थांबलाय. जुन्या घराचं सागवानी दार खांदा लावून बंद केलं जातंय.]

मे महिन्यात हे दार नुसत्या बोटानं लागत होतं. आता लावायला घरातला तरणा माणूस लागतो. काकूंनी मिस्त्रींना बोलावून घेतलंय आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे.

"घासून टाका न मिस्त्री एकदाचं."

"घासतो न काकू. पण दिवाळीत बोट जाईन एवढी फट पडन, मग मले बोलू नोका."

मिस्त्री पारखायचा तर अशा उत्तरावर. रंधा पिशवीत आहे, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आहे, तरी हा माणूस थांबा म्हणतोय. कारण त्याला नागपूरची हवा माहीत आहे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, दुपारची आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते. जुलै-ऑगस्टात सकाळी तीच 80 टक्क्यांच्या पुढे असते. लाकूड ही हवा पितं आणि फुगतं. लांबीनं जवळजवळ नाहीच, रुंदीनं फुगतं. म्हणून दार बहुतेक वेळा कडीच्या बाजूला अडकतं.

[जवळून: मिस्त्रींचा हात बिजागरीवर.]

मिस्त्रींनी अजून रंधा काढलेला नाही. ते पल्ला हातानं वर उचलून बघतात. वरची बिजागरी हलते. तिचे स्क्रू जागच्या जागी फिरतायत, त्यांनी पकड सोडलीय. म्हणजे दार फुगलंय हे खरं, पण ते झुकलंयसुद्धा. भोकांत फेविकॉल लावलेल्या सागाच्या काड्या ठोकल्या जातात, वरचं लाकूड पटाशीनं सपाट केलं जातं आणि त्यात पहिल्यापेक्षा लांब स्क्रू बसतात. अर्धं दुखणं इथेच संपतं. मग कडेला खडू फासून दार एकदा लावून उघडायचं. खडू जिथे पुसला गेला तेवढ्याच जागी रंध्याचे दोन हलके हात.

आता पल्ला उतरवून आडवा ठेवलाय. ही खालची कड बघा. समोरून चेहरा दिसेल इतकं पॉलिश, आणि खाली कोरं लाकूड. वरच्या कडेचंही तेच. त्या कडा कोणाला दिसत नाहीत, म्हणून तिथे ब्रश फिरत नाही. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथेच उघडी पडतात आणि सगळ्यात जास्त ओल तिथूनच शिरते. पण आज त्यावर पॉलिश मारायचं नाही, मारलं तर आतली ओल आतच कोंडेल. ते काम दसऱ्यानंतर.

[सकाळचा ठिय्या. सायकलींच्या हँडलला लटकलेल्या करवती, पिशव्या.]

असा मिस्त्री शोधायचा कुठे? ठिय्यावर, म्हणजे रोजीच्या कामासाठी कारागीर उभे राहतात त्या चौकात, सकाळी माणूस मिळतो, आणि एक दिवसाच्या कामाला तो उत्तमच. मोठं काम असेल तर शेजाऱ्यांकडे दोन-तीन वर्षांपूर्वी झालेलं काम बघायला जा. कालचं फर्निचर सगळ्यांचंच छान दिसतं. दोन पावसाळे खाल्लेलं कपाट उघडा. पल्ले एका रेषेत आहेत का, सनमायकाच्या कडा उचलल्यात का, ड्रॉवर न खडखडता आत जातो का, एवढं पुरे.

[लकडगंज. आरा मशीनचा आवाज, चिरलेल्या सागवानाच्या थप्प्या.]

नावातच लाकूड असलेला हा लकडगंज. इथल्या माणसाला सागवानाचा तोरा असेल तर तो समजण्यासारखा आहे. 2023 मध्ये खुल्या झालेल्या नव्या संसद भवनाला सागवान नागपूरहून गेलं. त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिरासाठी आपल्या विदर्भातल्याच बल्लारपूरहून लाकूड रवाना झालं. पण लाकूड चंद्रपूर-गडचिरोलीचं आहे एवढ्यानं भागत नाही. कापलेल्या तोंडाकडे बघा. आतला गडद सोनेरी भाग म्हणजे गाभा, बाहेरची फिकट पट्टी म्हणजे कच्चं लाकूड. वाळवी आणि घुण आधी तिथे लागतात. रंग लावला की दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे जे बघायचं ते इथेच बघून घ्यायचं.

आणि हिशोब स्वतः करायचा. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून 144 नं भागलं की घनफूट. चार बाय अडीच इंचाची दाराची चौकट घ्या. सात फुटांचे दोन उभे, वर साडेतीन फुटांचा आडवा, एकूण साडेसतरा फूट. उत्तर येतं सव्वा घनफुटाच्या किंचित आत. कुणी दोन घनफूट सांगितलं, तर उरलेलं कुठे जाणार हे हसत हसत विचारायला हरकत नाही. कापताना थोडी घट येतेच, पण इतकी नाही.

[स्वयंपाकघर, अर्धवट बसवलेल्या ट्रॉल्या.]

नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक काम प्लायचं. आठ बाय चारची शीट म्हणजे 32 चौरस फूट. शीटवर आयएस (भारतीय मानक) 303 लिहिलंय की आयएस 710, तेवढं वाचा. 303 म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लाय, 710 म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, सिंकखाली तेच लावा. बेडरूमच्या कपाटाला त्याची गरज नसते, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आग्रहावरून आठवलं. हार्डवेअरच्या दुकानदाराकडून मिस्त्रीला कमिशन मिळतं, हे इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात चिडण्यासारखं काही नाही, फक्त बिल आपल्या नावानं घ्या आणि बिजागऱ्या, स्लायडर कोण आणणार हे आधी ठरवा.

मजुरीचंही आधीच बोलावं. दुरुस्तीला रोजी बरी, कारण चौकट उघडल्यावर आत काय निघेल ते मिस्त्रीलाही माहीत नसतं. उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, दिलं की तो एकतर भीतीनं जास्त सांगतो, नाहीतर घाईनं उरकतो. नवं फर्निचर मात्र चौरस फुटावर जातं. तिथे एकच प्रश्न विचारायचा: माप फक्त दर्शनी भागाचं, की आतल्या फळ्या वेगळ्या? बहुतेक भांडणं याच प्रश्नावरून होतात. हे कागदावर लिहून दोघांनी सही केली तर मिस्त्रीलाही बरं वाटतं. बुडालेल्या मजुरीचे किस्से त्याच्याकडेही पुष्कळ असतात.

[सुताराचं दुकान. लाकडी नंदी ओळीनं उभे, एका नंदीला चाकं बसतायत.]

पोळ्याआधीच्या पंधरवड्यात मिस्त्री फोन उचलत नसतील तर ते इथे आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. भोसल्यांच्या काळापासून नागपूरची पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, आणि त्या आधीचे दिवस सुताराचे असतात. तेव्हा खुर्चीचा पाय मोडला तर तार बांधून दिवस काढा.

दारांची, खिडक्यांची खरी दुरुस्ती कोजागिरीच्या सुमाराला. हवा कोरडी होऊ लागते, फुगलेलं लाकूड आपोआप जागेवर येतं, आणि रंधा खरोखर कुठे लागणार ते तेव्हाच कळतं. अडचण एवढीच की दिवाळीमुळे त्याच दिवसांत अख्ख्या शहराला पेंटर हवा असतो. सुतार आधी, पेंटर नंतर. भाद्रपद संपता संपताच मिस्त्रींची तारीख पक्की करा आणि पेंटरला त्यापुढची द्या.