बांध, खुंट्या आणि लॅक्स्टन

मंडळी, इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की आपल्याला कॅलेंडरवरचं चित्र आठवतं. दारात गुलाब, मागे चर्चचा मनोरा. आमच्या लॅक्स्टनला चर्च होतं, गुलाबही होते. पण मी तिथे पोचले तेव्हा ते करपायला लागले होते. साल 1976. यजमानांना ऑलर्टन या कोळसा खाणीच्या गावात दवाखान्यात नोकरी लागली होती आणि तिथून चार-पाच मैलांवर, नॉटिंगहॅमशायरमधल्या या खेड्यात आम्हाला भाड्याचं घर मिळालं.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडात दुष्काळ होता. मी बार्शीकडची, बहात्तर साल पाहून आलेली. नळाला पाणी येत असताना लोक दुष्काळ म्हणतात याचं मला आधी हसू आलं. मग बघितलं, शेजारच्या आजीबाई आंघोळीचं पाणी बादलीने गुलाबांना घालताहेत. मी भांडी विसळलेलं पाणी साठवलं आणि कुंपणावरून त्यांच्या हातात दिलं. ओळख झाली ती अशी. ऑगस्टअखेर सरकारने दुष्काळासाठी चक्क एक मंत्री नेमला आणि काही दिवसांतच पाऊस सुरू झाला. आजीबाई म्हणाल्या, ‘‘आता पुरासाठी नेमा म्हणावं.’’

गावात बाहेरचे पाहुणे यायचे आणि एका गोष्टीचं नवल करायचे: सगळ्या शेतकऱ्यांची घरं, गोठे, धान्याची कोठारं गावातल्या रस्त्यालगत, शेतात एकही घर नाही. मला त्यात नवल ते काय वाटणार? आमच्याकडे घर गावठाणात आणि रान शिवारात, हे ठरलेलंच. पण इंग्लंडात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटने कायदे करून गावोगावची मोकळी शिवारं तोडली, कुंपणं घातली, एकेकाला सलग तुकडे दिले. शेतकरी आपापल्या तुकड्यावर घर बांधून राहायला गेला. ज्याच्याकडे कागद नव्हता आणि गाय होती, त्याचं सामाईक चराऊ रान गेलं, मग गायही गेली. लॅक्स्टनमध्ये मात्र जुनी पद्धत टिकली. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड, मिल फील्ड अशी तीन मोठी शिवारं, मध्ये कुंपण नाही. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड. दरवर्षी पाळी बदलायची. या गावाचा 1635 सालचा नकाशा आहे, मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदाराने काढलेला. त्यात नांगरणारी, कापणी करणारी इवलीइवली माणसंही आहेत. आपण राहतो तो रस्ता साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर बोटाने शोधायचा, याची गंमत वेगळीच.

आता कुंपण नाही म्हटल्यावर शेजाऱ्याचं तास आपल्यात येणारच. बांध कोरणं ही कला काही फक्त सोलापूर जिल्ह्याची नाही! त्यावर त्यांचा उपाय होता. नोव्हेंबरच्या अखेरीला गावचे बारा पंच, त्यांना ज्युरी म्हणतात, नुकतं पेरलेलं गव्हाचं शिवार बघायला निघायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं, खुंट्यांचा भारा, हातोडे. चिखल असा की बूट सोडून पाय वर यावा. ज्या दोन पट्ट्यांची हद्द पुसट झाली तिथे एकजण या टोकाला, दुसरा त्या टोकाला उभा राहून डोळ्याने रेघ धरायचा आणि खुंटी ठोकली जायची. गवताच्या सामाईक पट्ट्यात नाहीतर वाटेवर कुणाचा नांगर घुसला असेल तर नाव टिपलं जायचं. ज्याचं नाव टिपलं तोही कधीकधी त्याच बारांत असायचा, आणि बाकीचे अकरा त्याची यथेच्छ थट्टा करायचे. मग दुपारी डवकोट इन या पबमध्ये जेवण.

आठवड्याने त्याच पबमध्ये कोर्ट भरायचं. कोर्ट लीट, म्हणजे जमीनदारीच्या जमान्यापासूनचं गावकोर्ट. जमीनमालकाचा कारभारी अध्यक्ष, बायबलवर शपथ, दंड काही पौंडांचा. तासाभरात कोर्ट उठायचं आणि दंड झालेला माणूस दंड करणाऱ्याशेजारी बिअर घेऊन बसायचा. मी कोपऱ्यात बसून हे बघत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचे आबा आणि धाकटे काका. दीड हात बांधापायी चौदा वर्षं कज्जा चालला. पुढे दोघांनी एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणं सोडलं.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात चारला अंधार व्हायचा आणि दिवसभरात पोस्टमनखेरीज कुणाशी बोलणं नसायचं. पबमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा गप्पा थांबल्या होत्या, हेही लक्षात आहे. आणि जमीन त्या शेतकऱ्यांची स्वतःची नव्हती, ते कुळं. 1952 मध्ये गावचे जमीनदार अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडून शेतीखात्याने गाव विकत घेतलं, आमच्यादेखत 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे गेलं. परवा वाचलं, 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटने घेतलं, म्हणजे फिरून मॅन्व्हर्सांच्याच घराण्याकडे. मालक बदलले, पंच फिरायचे थांबले नाहीत.

आम्ही 1985 च्या डिसेंबरात गाव सोडलं. त्याआधीच्या पाहणीला मीही ट्रॉलीत चढले. पंचांच्या म्होरक्याने एक खुंटी माझ्यापुढे धरली. शेतकऱ्याची पोर मी, जोरात हाणली. तिरकी गेली. त्यांनी एक डोळा मिटून रेघ बघितली, खुंटी उपटली, चिखल कोटाला पुसला आणि परत माझ्या हातात दिली.