मधे ठेवलेलं भांडं

कोरियातल्या सोलमध्ये शिकायला गेलो त्या पहिल्याच महिन्यात वर्गातले चौघं जण मला एका संध्याकाळी हान नदीच्या काठी घेऊन गेले. गवतावर चटई अंथरली आणि फोनवर कोंबडी मागवायचं ठरलं. मी विचारलं, "माझ्यापुरतं काय सांगू?" चौघंही माझ्याकडे बघत राहिले. कोंबडी मागवायची ती 'हान मारी', एक अख्खी. तुकडे केलेली असते, पण मोजतात अख्खीच. माझ्यापुरतं असं त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

मंडळी, आज मी पाककृती सांगायला उभा नाही. मला बोलायचंय ते या मोजण्याबद्दल. आपल्याकडे पंगत खांद्याला खांदा लावून बसते, पण ताट ज्याचं त्याचं. कोरियात भाताची आणि सूपची वाटी तेवढी ज्याची त्याची, बाकी सगळं मधे.

तर कोंबडी आली. 'बान-बान', म्हणजे निम्मी साधी आणि निम्मी यांगन्यम, लाल, तिखट-गोड, बोटांना चिकटणारी. ही कोंबडी दोनदा तळतात. पहिल्या तळणीत मांस शिजतं. मग बाहेर काढून थोडा वेळ निथळत ठेवतात, तेवढ्यात आतला ओलावा वर येतो, आणि दुसऱ्या, जास्त कडक तेलात तो उडून जातो. वरचं आवरण पातळ, बहुतेकदा बटाट्याच्या किंवा मक्याच्या स्टार्चचं. म्हणून सॉस चोपडला तरी ते लगेच मऊ पडत नाही. आम्ही त्या रात्री बराच वेळ गप्पा मारत खाल्लं आणि शेवटचा तुकडाही कुरकुरत होता. मला तर वाटतं, हे तळणं गप्पांसाठीच घडत गेलं असावं. सोबत व्हिनेगर-साखरेच्या पाण्यात मुरवलेल्या पांढऱ्या मुळ्याचे चौकोनी तुकडे. दोन घासांमध्ये एक तुकडा खाल्ला की तेलकटपणा जातो आणि हात पुन्हा डब्याकडे वळतो.

हा पदार्थ फार जुना नाही बरं का. 1977 मध्ये सोलच्या शिन्सेगे डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात लिम्स चिकन सुरू झालं, तेव्हापासून तळलेल्या तुकड्यांचा धंदा उभा राहिला. यांगन्यमचं श्रेय बहुतेक जण देगू शहरातल्या यून जोंग-ग्ये यांना देतात. गार झालेली कोंबडी कडक लागते अशी गिऱ्हाइकांची कुरकुर होती, त्यावर त्यांनी सॉस शोधला. 1997 च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेलेल्या कितीतरी लोकांनी कोंबडीची दुकानं टाकली. त्या दुकानांमागे मोडलेले संसार सावरायची धडपड होती, हे मला विसरवत नाही. मग 2002 चा फुटबॉल विश्वचषक आला, कोरिया उपांत्य फेरीत पोहोचला, आणि 'चिमेक', म्हणजे चिकन आणि मेक्जू, बिअर, ही जोडी पक्की झाली. ग्लास मात्र आपला आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा रिकामा दिसला की आपण भरायचा, वडीलधारा असेल तर दोन्ही हातांनी. त्यामुळे सतत दुसऱ्याकडे लक्ष राहतं.

मासळीचं तर विचारूच नका. बुसानच्या जागाल्ची बाजारात खाली टाक्यांमधली जिवंत मासळी निवडायची आणि वरच्या मजल्यावर ती शिजवून, कापून मिळते. आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून खेकडे, तिसऱ्या, कोळंबी आणि एक ऑक्टोपस घेतला, आणि हेमुलथांग, म्हणजे मासळीचा तिखट रस्सा, मागवलं. टेबलावरच्या शेगडीवर रुंद उथळ पातेलं, त्यात मुळा, मोड आलेलं कडधान्य, लाल मिरचीचा रस्सा. बाईंनी चिमट्याने ऑक्टोपस उचलला आणि मोठ्या कात्रीने कचाकच कापून रश्श्यात सोडला. रिकाम्या शिंपल्यांसाठी बाजूला एक डबा.

आणि मग चार चमचे थेट पातेल्यात गेले. माझा हात थांबला. उष्टं! आईने लहानपणापासून हातावर मारून शिकवलेलं ते. कुणी काही बोललं नाही. शेजारच्या मैत्रिणीने एक वाटी पुढे ओढली, त्यात माझ्यासाठी रस्सा वाढला आणि खेकड्याचा पाय वर ठेवला. दुसऱ्या वाटीनंतर मी माझा चमचा पातेल्यात घातला.

रस्सा तळाला गेला तेव्हा बाई परत आल्या. उरलेल्या रश्श्यात भात, चुरलेलं समुद्री शेवाळ आणि तिळाचं तेल घालून त्यांनी तो पातेल्याच्या बुडाला दाबून पसरला. पाच मिनिटांनी करपल्याचा खमंग वास सुटला आणि आम्ही पाचही जण चमच्यांनी खरवड काढायला लागलो. सगळ्यात मोठी पापडी निघाली ती मैत्रिणीने मोडून पाचही वाट्यांत टाकली.